टेबलाच्या अलीकडची खुर्ची

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाई स्वतःची खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे, पेशंटशेजारी आणून ठेवत. मुलगा गेल्यापासून गप्प झालेल्या आमच्या शेजारच्या लताकाकूंना मी त्यांच्याकडे नेलं, तेव्हा बाईंनी एवढंच विचारलं, "काय नाव होतं त्याचं?" मग काकू रडून थांबेपर्यंत त्या नुसत्या बसून राहिल्या.

बाईंची बदली झाली. चांगल्या माणसाचं आपल्याकडे हेच करतात! पुढच्या खेपेला काकूंना नेलं, तर नवे साहेब टेबलापलीकडूनच म्हणाले, "होतं असं. मन रमवा कशात तरी."

रिक्षात काकू म्हणाल्या, "पुन्हा नको आणूस गं. या साहेबांना माझ्या नितीनचं नावसुद्धा नको होतं."

'बोला, मन मोकळं करा' अशी दवाखान्याची पत्रकं आम्ही आशाताई घरोघर टाकतो. बोला म्हणे! ऐकणारं माणूस ठेवलंय कुठे?

हल्ली पत्रकं टाकताना मी काकूंचं दार सोडून पुढे जाते.