तांड्यावरचा रेडिओ आणि माझी प्रश्नपत्रिका

"मी जाते," असं प्राचार्यांना सांगून मी मोकळी झाले, तेव्हा कुठं जायचं हेही नीट ऐकलं नव्हतं. साठच्या दशकाची सुरुवात होती. यवतमाळच्या अध्यापक विद्यालयात मी नुकतीच शिकवायला लागले होते. युरोपातल्या एका विद्यापीठातून एल्साबाई नावाच्या संशोधक आल्या होत्या. शाळेत रेडिओवरून दिलेला धडा मुलांना कितपत समजतो, हे त्या निरनिराळ्या देशांत तपासत होत्या. त्यांना दुभाषी हवी होती. वडील कचेरीत हेडक्लार्क, घरी भरपूर कुरकुर झाली. पण मला एका जागी बसवतच नव्हतं.

सोप्या मराठीतला धडा नारूच्या जंतावर होता: विहिरीच्या पाण्यातून तो पोटात कसा जातो, आणि पाणी गाळून प्यायलं तर कसा टळतो. त्यावरचे दहा प्रश्न मराठीत मीच काढले. अगदी ऐटीत काढले.

पहिला थांबा कळंब. सकाळी जीपनं निघालो. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. तिथला गारवा अंगावर घेऊन बाहेर आलो, दोन आण्यांची गरम भजी खाल्ली आणि शाळा गाठली. मुलांनी उत्तरं भराभर लिहिली. एल्साबाईंनी रकाने भरले, घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "पुढं?"

पुढं राळेगाव, वडकी, करंजी. आज त्या भागात चौपदरी महामार्ग आहे. तेव्हा समोरून ट्रक आला की जीप कडेच्या मातीत उतरायची. आमचे चालक गुलाबराव वैतागले. "कायले एवढी घाई करून राह्यल्या बाई? शाळा काय पळून चालली?" मी ते एल्साबाईंना सांगितलंच नाही. घाई मलाही होती.

पांढरकवड्याला विश्रामगृहात राहिलो. हैदराबादच्या ट्रकवाल्यांसाठी चालणाऱ्या खानावळीतली तिखट डाळ एल्साबाईंनी डोळे पुसत संपवली. दुसऱ्या दिवशी घाटंजीच्या बाजूला वळलो. सागाच्या जंगलातून गाडीवाट, मग दोन कोरडे नाले, मग बंजाऱ्यांचा तांडा.

हरिचंद मास्तर त्याच तांड्यातले. त्यांनी कडुलिंबाला तार बांधून शाळेला सरकारनं दिलेला बॅटरीवरचा रेडिओ तयार ठेवला होता. मुलं श्वास रोखून ऐकत होती. मग मी प्रश्नपत्रिका वाटल्या. "जलशुद्धीकरणाचे प्रयोजन विशद करा." पेन्सिली हलल्याच नाहीत. एकामागून एक कोरे कागद परत आले.

"इथं या यंत्राचा उपयोग दिसत नाही," एल्साबाई शांतपणे म्हणाल्या आणि शून्यं लिहू लागल्या.

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "काय लिवलं जी त्या बाईनं? रेडिओ वापस नेतील काय?"

उन्हानं तहान लागली होती. समोरच्या घरी जाऊन पाणी मागितलं. नऊ-दहा वर्षांची सोनी आत धावली. नुकताच तिनंही मला कोरा कागद दिला होता. तिची आई घागरीतून तांब्यात पाणी ओतायला लागली, तशी सोनी आईला "याडी!" म्हणून ओरडली. आईनं हसून फडकं आणलं, दुहेरी घडी करून तांब्यावर धरलं आणि मग पाणी ओतलं. पुढं ती गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, बरंच काही बोलली. मला 'पाणी' एवढंच कळलं.

मास्तर मागोमाग आले होते. "ते म्हनते, या पोरीनं तरास देल्ला. मांगल्या बारीले हाच धडा रेडिओवर झालता. तवापासून गाळल्याबिगर पाणी पिऊ देत नाही. डोळ्याले न दिसनारा किडा रायते म्हनते."

मी पाणी न पिताच धावत शाळेत गेले.

"प्रश्न माझे चुकले," मी एल्साबाईंना म्हणाले. "मुलांना धडा समजला आहे. माझं पुस्तकी मराठी समजलं नाही."

"प्रश्न सगळीकडे सारखेच हवेत. नाही तर तुलना कशी करायची?"

"मग निदान ऐका तरी."

मास्तरांनी तेच दहा प्रश्न गोरबोलीत विचारले. वर्गात एकच गलका झाला. सोनीनं तर फडकं उन्हात का वाळवायचं हेही सांगितलं. ते माझ्या प्रश्नांत नव्हतंच! एल्साबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी वही मिटली. "ही वेगळी चाचणी झाली. तक्त्यात नाही बसणार."

त्या दुपारी मास्तरांच्या घरी ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, तांड्यावर त्यांना बाटी म्हणतात. मग घाटंजीमार्गे यवतमाळला परतलो.

वर्षभरानं छापील अहवाल आला. तांड्यासमोर शून्याच्या जवळचा आकडा होता. तळाशी बारीक अक्षरात टीप: मुलांना धडा समजला असावा, असे दुभाषीचे मत आहे. मी चिडून पत्र लिहिलं. एल्साबाईंचं उत्तर आलं: "तू बरोबर होतीस. माझ्याकडे त्यासाठी रकाना नव्हता." त्या दोन ओळींवर रागावू की त्यांचे आभार मानू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. रेडिओ तेवढा तांड्यावर राहिला. तो परत मागवावा असं कोणाला सुचलंच नसावं.

परवा भाची तिच्या संशोधनाची प्रश्नावली दाखवायला आली. पांढरकवड्याकडच्या आदिवासी शाळांतली मुलं टॅबलेटवर कितपत शिकतात, हा तिचा विषय. सुंदर छापलेली वीस पानं. मी विचारलं, "कोलामी बोलणाऱ्या मुलांना हे कोणत्या भाषेत विचारणार?"

"मराठीत, आत्या. तुलना करायची आहे ना."

गुडघे दुखतात, डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितलाय. तरी मी विचारलं, "पांढरकवड्याची सकाळची गाडी किती वाजता सुटते?"