मूळ साचा जिवापाड जपावा

मोजणीबाईंनी एकतीस वर्षं जमीन मोजणीच्या कार्यालयात काढली. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून त्यांनी उरलेलं सगळं मोजायला घेतलं. पडदे फरशीपासून किती बोटं वर आहेत, शेजारच्यांची कुंडी आपल्या हद्दीत किती सरकली आहे, यजमान चहात साखर सपाट चमचा घालतात की शिगोशीग. यजमान गरीब स्वभावाचे. ते फक्त एवढंच म्हणत, "लग्नाआधी हिला मी माझी उंची एक सेंटिमीटर वाढवून सांगितली होती. तो सेंटिमीटर अजून वसूल होतोय."

दर गुरुवारी दुपारी मात्र यजमानांना सुट्टी असे. त्या वेळी मोजणीबाई गोधडी मंडळात असत. वाचनालयाच्या वरच्या खोलीत नऊ बायका जमत, जुन्या-नव्या कापडांचे तुकडे जोडून गोधड्या शिवत, आणि शिवता शिवता गैरहजर असलेल्या दहाव्या कुणाला तरी उसवत. खोलीत एक लोखंडी कपाट होतं. त्यात मंडळाची जड इस्त्री, कापड कापायचा मोठा पाट आणि दोन कात्र्या, ज्यांनी कागद कापणारीला मोजणीबाई महिनाभर नावाने हाक मारत नसत. कपाटाची किल्ली अकरा वर्षं त्यांच्या गळ्यात नाडीला होती. आंघोळीलाही ती उतरत नाही, असं मंडळात बोललं जाई. यजमानांनी यावर कधी काही सांगितलं नाही.

ही किल्ली पणाला लागली ती चौकोनांच्या अदलाबदलीत.

बेत सोपा होता. प्रत्येकीने एकाच नमुन्याचे नऊ चौकोन शिवायचे, एक स्वतःला ठेवायचा, बाकीचे आठ आठजणींना द्यायचे. म्हणजे प्रत्येकीकडे नऊ हातांचे नऊ चौकोन येणार आणि त्यांची एक गोधडी होणार. तीन वर्षांपूर्वी मोजणीबाईंच्या धाकट्या जाऊबाईंनी हाच बेत केला होता. तेव्हा एकीने चौकोनांऐवजी त्रिकोण आणले, एकीने लोकर आणली, आणि दोघीजणी अजूनही एकमेकींशी तिसरीमार्फत बोलत होत्या.

"हे कुणालाच जमायचं नाही," धाकट्या जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या हातून नाही झालं, तिथे..."

"तिथे काय?"

"काही नाही हो जाऊबाई. तुम्ही करा. आम्ही बघतो."

ते 'बघतो' मोजणीबाईंना लागलं. "जमेल," त्या म्हणाल्या. "एकूण एक चौकोन सारखा येईल. नाही आला तर ही किल्ली तुझ्या गळ्यात."

शिवणयंत्रावर एकीचा पाय चालू होता, तो थांबला.

मोजणीबाई कामाला लागल्या. जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापला, बारा इंच बाय बारा इंच, चारही काटकोन गुण्याने तपासलेले. सोबत चार पानी नियमावली. साचा एकच, कारण कार्यालयात त्या शिकल्या होत्या की नकाशा एक असेल तर भांडण एकच होतं. तो एकीने वापरून दुसरीला द्यायचा, असा नऊ घरं फिरवायचा. नियम चौथा ठळक अक्षरांत होता: मूळ साचा जिवापाड जपावा.

आपले नऊ चौकोन शिवून त्यांनी साचा शाळेची बस चालवणाऱ्या बाईंकडे सोपवला आणि दोन महिने निर्धास्त झोपल्या.

अदलाबदलीच्या गुरुवारी नऊजणींनी नऊ गठ्ठे टेबलावर ठेवले. मोजणीबाईंनी स्वतःचा एक चौकोन पसरला, त्याच्यावर बसवाल्या बाईंचा ठेवला. तो चारही बाजूंनी किंचित बाहेर डोकावत होता. त्याच्यावर दातांच्या डॉक्टरणीचा ठेवला. तो बसवाल्या बाईंच्या चौकोनाबाहेर डोकावत होता. नववा, धाकट्या जाऊबाईंचा, ठेवला तेव्हा खालचे आठ दिसेनासे झाले.

मोजणीबाईंनी टेप काढला. बारा. सव्वाबारा. साडेबारा. पावणेतेरा. थेट चौदापर्यंत, न चुकता पाव पाव इंचाने. एकतीस वर्षांत इतक्या शिस्तीचं अतिक्रमण त्यांनी पाहिलं नव्हतं.

"साचा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे," बसवाल्या बाई अभिमानाने म्हणाल्या. "कपड्यांच्या कपाटात, रेशमी साड्यांच्या मध्ये. धक्का लागू दिला नाही. तुम्हीच लिहिलं होतंत ना, जिवापाड जपा म्हणून? मी त्याच्यावरून दुसरा काढला, त्यावर काम केलं आणि तोच पुढे दिला."

"आणि मी त्यांनी दिलेला जपला," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दवाखान्याच्या तिजोरीत आहे. माझ्या हातचा काढून पुढे दिला."

आठही जणींनी तेच केलं होतं. प्रत्येकीने हाती आलेला साचा मूळ समजून जपला, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली, आणि कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं बरं म्हणून रेघेच्या बाहेरून कापला. एकेका बाजूला फक्त एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन बाजूंचा मिळून पाव इंच. आठ घरांत मिळून दोन इंच. नियम कुणीही मोडला नव्हता. सगळा घोटाळा नियम पाळून झाला होता.

"तू कुठे ठेवलास?" मोजणीबाईंनी जाऊबाईंना विचारलं.

"प्लास्टिकमध्ये गुंडाळून," जाऊबाई जरा ओशाळून म्हणाल्या. मग त्यांना एकदम आठवलं. "पण जाऊबाई, चौकोन काही सारखे आले नाहीत!"

"थांबा हो," म्हणत बसवाल्या बाईंनी नऊ चौकोन टेबलावर मांडले. लहान तीन खाली, मधले तीन मध्ये, मोठे तीन वर. थोडं ओढून, थोडं मुडपून, टाचण्या लावून. खाली निमुळती आणि वर रुंद अशी एक गोधडी तयार झाली. डॉक्टरीणबाई ती अंगावर घेऊन दोन खुर्च्यांवर पाय दुमडून आडव्या झाल्या.

"अगं बाई," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "खांदे झाकले जातात आणि पायात गुरफटत नाही. माणसाच्या मापाची गोधडी ही पहिलीच. आजवर आपण टेबलं झाकत होतो."

सगळ्या टाळ्या वाजवू लागल्या. कुणी तरी म्हणालं, बेत जमला. जाऊबाईंचा चेहरा पडला. पण मोजणीबाई टेप गुंडाळत होत्या.

"नाही जमला," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, सारखे येतील. आले नाहीत. गोधडी चांगली झाली हा वेगळा विषय, तो वेगळ्या कागदावर लिहा." आणि त्यांनी अकरा वर्षांची किल्ली गळ्यातून काढून जाऊबाईंच्या गळ्यात घातली. मोजणीबाईंच्या गळ्यावर नाडीच्या जागी एक पांढरा पट्टा उमटलेला होता. आंघोळीचा प्रश्न एकदाचा मिटला.

जाऊबाई ऐटीत कपाटाकडे गेल्या. किल्ली घातली. फिरवली. कपाट उघडेना. उलटी फिरवली. गदागदा हलवली. कपाटावरची फुलदाणी हलली, कपाट नाही.

"अशी नाही," मोजणीबाई मागून म्हणाल्या. "अर्धं सूत बाहेर ओढ, वर उचल, मग फिरव. ती नक्कल आहे. नकलेवरून काढलेल्या नकलेची नक्कल."

"आणि खरी किल्ली?"

मोजणीबाईंनी पुढे होऊन ओढलं, उचललं, फिरवलं. कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात एक छोटी डबी होती. जाऊबाईंनी झाकण काढलं. आत कापसावर चकचकीत किल्ली निजली होती, शेजारी मोजणीबाईंच्या अक्षरात चिठ्ठी: मूळ प्रत. जिवापाड जपावी.

जाऊबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग त्यांनी कापूस नीट केला, झाकण लावलं आणि डबी होती तिथे ठेवली.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी गळ्यात किल्ली घातलेल्या जाऊबाई वाचनालयाच्या जिन्यात उभ्या राहून खाली हाक मारतात, "अहो जाऊबाई, या ना जरा लवकर, कपाट उघडायचंय." आणि मोजणीबाई एकेक पायरी मोजत, अजिबात घाई न करता, वर येतात.