धाकट्याच्या बाइकसाठी हौदा

पिकअप माझी, तिच्यातून रोज झेंडू वाहणारा मी, आणि तिचा हौदा मजबूत करायचा तो धाकट्या भावाच्या डर्ट बाइकसाठी. वडिलांनी हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला.

वडिलांनी सातपूरच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं वेल्डिंग केलं. निवृत्तीनंतर डोळ्याचं ऑपरेशन झालं, गुडघे गेले, तेव्हा त्यांनी घरच्या मशीनवर गोणपाट टाकलं ते कायमचं. दोन वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो, आप्पा, फुलांच्या क्रेटमधलं पाणी झिरपून हौदा खालून गंजतोय, जरा बघता का. "आता माझ्याच्यानं होत नाय रे," ते म्हणाले होते आणि मी ते मानलं होतं. पण मनमाडजवळच्या माळावर रविवारी धाकट्याची शर्यत ठरली, दोन बाइक न्यायच्या म्हटल्यावर म्हाताऱ्याच्या अंगात बळ आलं. गोणपाट निघालं, मशीनची वायर जोडली गेली, चष्मा दोनदा पुसून झाला.

धाकट्याचा मला हेवा वाटतो. आजचा नाही, लहानपणी तो सायकलवरून पडला आणि सगळं घर धावलं तेव्हापासूनचा. तो पडला तरी कौतुक, मी धडपणे उभा असलो तरी कुणाचं लक्ष नाही. हल्ली वडील पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला फोनवर त्याच्या उड्या दाखवतात. बाइक चिखलातून वर उडते, हेल्मेटमधला चेहराही दिसत नाही, तरी म्हणतात, "ह्यो आमचा धाकटा." माझ्या झेंडूच्या मळ्याचा त्यांच्या फोनमध्ये एकही फोटो नाही. मी एकदा चोरून बघितलं आहे.

दोन दिवस काम चाललं. क्रेटचं वजन सगळीकडे पसरतं, पण बाइकचं दोन चाकांवर येतं, आणि पट्ट्यानं आवळून बांधली की प्रत्येक खड्ड्याला ती हुकांना हिसके देते, असं वडिलांनी मला समजावलं. म्हणून चाकं बसायला पन्हळीसारखे लांब चॅनेल, पट्टे अडकवायला जाड सळईचे हुक, आणि सगळं हौदा ज्यांवर टेकतो त्या खालच्या लोखंडी आडव्यांना बोल्टनं जखडायचं. इतकं मन लावून बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. ऐकायला बरं वाटत होतं आणि त्याचाच राग येत होता.

"माझं गुडघं वाकत नाय. तू खाली जाऊन बघ, आडवे कसे हायेत," ते म्हणाले.

मी गाडीखाली शिरलो. पुढचे आडवे ठीक होते. मागच्या, फाळक्याच्या म्हणजे हौद्याच्या दाराजवळच्या आडव्यावर हातोडी मारली तर ठण्ण वाजायच्या ऐवजी भद्द वाजलं आणि गंजाचा पापुद्रा गालावर पडला.

"कसे हायेत?" वरून आवाज आला.

"चांगले हायेत," मी म्हणालो.

मला वाटलं, हुक उखडू देत. माळावर सगळ्यांसमोर त्याची बाइक आडवी होऊ दे, म्हणजे वडिलांना कळेल की माझं तेव्हाच ऐकायला हवं होतं. भर रस्त्यात उखडले तर काय, हेही मनात आलं. मी ते बाजूला सारलं आणि खालून नट आवळले, मागचेसुद्धा.

वडिलांची कारखान्यापासूनची एक रीत आहे. ज्यानं वेल्डिंग केलं त्यानंच आधी त्या कामावर स्वतःचं वजन टाकायचं, मगच ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं. माझा खांदा धरून ते हौद्यात चढले. मागच्या हुकात पट्टा अडकवला, त्याचं टोक दोन्ही हातांत गुंडाळलं आणि उघड्या फाळक्याच्या काठावर, अंगणाकडे पाठ करून उभे राहिले. आता ते सगळं अंग मागे झोकून देणार होते.

"आप्पा, थांबा," मी म्हणालो. "मागचा आडवा सडलाय."

पट्टा त्यांच्या हातातच राहिला. "कधी कळलं तुला?"

"खाली गेलो तेव्हाच."

ते सावकाश काठावर टेकले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर माझं उत्तर तयार होतं, दोन वर्षं मनात घोकलेलं. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"मी पडलो असतो म्हणून बोललास," ते म्हणाले. "रविवारी तो ही गाडी घेऊन निघाला असता, तवा बोलला असतास का?"

"बोललो असतो," मी म्हणालो.

पण लगेच म्हणालो नाही. मधे थोडा वेळ गेला, आणि वडिलांना तेवढा पुरला.