तोमासाला विचारा की

शेजारी संशोधन करणारी मुलगी राहत असली की किस्से शोधायला जावं लागत नाही. कपडे वाळत घालायला बाहेर पडलं की कुंपणावरून आपोआप येतात. लंडनच्या हाउन्सलोला आमच्या शेजारची केतकी, मूळची नागपूरची, ग्वाटेमालातून अमेरिकेत गेलेल्या माया लोकांवर पीएचडी करते. तिचं ऐकून ऐकून आता माझंच डोकं तापायला लागलंय.

*

गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांनी तिला विचारलं, "ते कॅलेंडरवाले ना? ते तर कधीच संपले."

केतकी म्हणाली, "काका, सकाळीच फोनवर बोलले मी त्यांच्याशी. तोमासा चिकनच्या फॅक्टरीत शिफ्टला निघाली होती."

"मग ती खरी माया नसेल," असं म्हणून काकांनी मोदक उचलला. मी पुढचा दिला नाही.

*

ही तोमासा म्हणजे केतकीच्या प्रबंधातला एक अख्खा धडा. तिची भाषा माम, मायांच्या अनेक भाषांपैकी एक. एकदा पोट दुखतं म्हणून ती हॉस्पिटलात गेली, तर तिथे तिच्यासाठी स्पॅनिश दुभाषी बसवला. तिला स्पॅनिशमधलं फक्त "हो" येत होतं. पोटदुखीची बाई गुडघ्याला पट्टा बांधून घरी आली.

केतकी हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. आमच्या सासूबाईंना सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, फोनवर गुजराती दुभाषी दिला होता. त्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत राहिल्या. आजतागायत कागदोपत्री त्यांना पेनिसिलिन चालत नाही.

*

युनिव्हर्सिटीच्या पोस्टरसाठी तोमासाचा फोटो मागवला. तिने फॅक्टरीतला पाठवला, डोक्यावर जाळी, पायात गमबूट. ऑफिसातून उत्तर आलं, "काहीतरी पारंपरिक मिळेल का?"

मीही विमानतळावर जेवणाचे ट्रे भरते, डोक्यावर तीच जाळी. माझा फोटो हवा असता तर नऊवारी मागितली असती का?

*

मग मार्गदर्शक सरांनी धडाच काढायला सांगितला. म्हणे, एका कामगार बाईच्या तोंडच्या गोष्टी, त्यांना पुरावा काय? दोन वर्षांचं काम! केतकी कुंपणापाशी नुसती उभी होती. व्हिसा संपत आलेला, नवा धडा लिहायला वेळ कुठला?

मी म्हटलं, "त्यांना म्हणावं, तोमासाला विचारा की."

"काकू, तेच तर चालत नाही ना."

*

शेवटी तिने सरांना एका म्युझियमच्या गोदामात बोलावलं. मी का गेले विचारू नका. डबा घेऊन गेले.

तिथल्या हातमोजे घातलेल्या बाईंनी खोक्यातून ग्वाटेमालाहून आणलेला एक विणलेला झगा काढला. सोबत चिठ्ठी होती: धार्मिक विधीचा पोशाख, विणणारी अज्ञात. केतकीने फोनवर तोमासाला तो दाखवला. ती फॅक्टरीच्या कँटीनमध्ये बसली होती, शेजारी मुलगी, इंग्रजी करून सांगायला.

तोमासाने बघितलं आणि ती हसलीच. मुलगी म्हणाली, "आई म्हणते, विधीचा कुठला, हा रोजचा आहे. आमच्या पलीकडच्या गावची वीण. छातीशी दोन उभ्या फटी आहेत ना, त्या बाळाला पाजायला."

बाईंनी वाकून पाहिलं. फटी होत्या. इतकी वर्षं त्यांना ते विणीतले दोष वाटत होते.

तरी त्या म्हणाल्या, "पण हे कुठे छापून आलंय का?"

मुलीने आईला सांगितलं. तोमासाने तोंडातला घास संपवला आणि काहीतरी बोलली.

"आई विचारते, बाईंना मुलं आहेत का?"

दोन वर्षं तो धडा वाचणाऱ्या सरांनी खिशातून पेन काढलं आणि केतकीला हळूच विचारलं, "संदर्भसूचीसाठी हिचं आडनाव काय?"