वळणावरचा नारळ

माझी बायको माझ्यापेक्षा चांगली मोटारसायकल चालवते. आज हे मी निमूट लिहितोय, पण तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती. कारण तिला शिकवलं कोणी? मी! ती परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या, बसची वाट बघून कंटाळलेली. "शिकव ना रे," म्हणाली. मग रविवारी सकाळी शिवडीच्या रिकाम्या रस्त्यावर क्लच कसा सोडायचा इथपासून सगळं मी शिकवलं. मी मागे बसून ओरडायचो, "ब्रेक लाव, ब्रेक!" आणि ती लावायची. ते दिवस बरे होते.

आमचा एक ग्रुप आहे. परळला एका म्हाताऱ्याचं गॅरेज आहे, सगळे त्यांना काका म्हणतात, तिथे रविवारी आम्ही जमतो. कोणी बँकेत, कोणी कुरिअरमध्ये, मी इन्शुरन्सच्या ऑफिसात. गाडी शिकल्यापासून बायकोही येते. वेड एकच, गाडी पळवायची. आता मुंबईत गाडी पळवायची कुठे? घोड्यांना शर्यतीसाठी एवढं मोठं मैदान आहे, आम्हाला वीतभर जागा नाही. खरा ट्रॅक हवा तर चेन्नई गाठा, नाहीतर कोइम्बतूर. म्हणून पोरं पहाटे पुलांवर पळवतात, आणि मग आम्ही सगळे कोणाच्या तरी मयताला जातो. एकदा अशाच एका मयताहून परत येताना काका म्हणाले, "बास झालं. आपल्याला ट्रॅक पाहिजे. लहान चालेल, पण आपला."

जागा मी शोधली, हे आधीच सांगून ठेवतो. रे रोडला लाकडाच्या वखारींच्या मागे जुनी गोदामं पाडली होती आणि नुसती काँक्रीटची जमीन उरली होती. एका क्लेमच्या कामाला गेलो असताना ती मला दिसली आणि माझे पाय तिथेच थांबले. मी काकांना नेऊन दाखवली. वरळीच्या बीडीडी चाळीतला माझा मित्र सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याने मापं घेऊन ट्रॅक आखला. आम्ही अर्ज केले, खेटे घातले, आणि शेवटी जमीन ज्यांच्या ताब्यात होती त्यांचे साहेब एका रविवारी बघायला यायला तयार झाले. आमच्यातल्या एकाने गाडी चालवून दाखवायची. साहेबांना पटलं तर दर रविवारी जागा आमची. नाही पटलं तर पोरं परत पुलावर.

त्या ट्रॅकवर साहेबांसमोरचा पहिला फेरा माझा, हे मी मनात पक्कं धरलं होतं. कोणी तसं म्हटलं नव्हतं, पण म्हणायला कशाला पाहिजे? ज्याने जागा शोधली त्याचा पहिला मान. आमच्या लालबागला साधी पूजा असली तरी मान कोणाचा हे ठरलेलं असतं.

काकांनी मात्र ट्रायल घ्यायचं काढलं. चुन्याच्या रेघा मारून सगळ्यांना एकेक करून फेरे मारायला लावले. त्या ट्रॅकला एकच कठीण वळण होतं, उजवीकडचं, लांबट, पसरट. तिथे ब्रेक लावला नाही तरी गाडी जाते, फक्त छाती पाहिजे. मी दरवेळी तिथे ब्रेक लावायचो. जरासाच, दोन बोटं. सगळेच लावायचे. माझ्या बायकोने लावला नाही. गाडी आडवी केली आणि भाजी आणायला निघाल्यासारखी निघून गेली.

काकांनी हातातलं घड्याळ बघितलं, परत बघितलं, आणि म्हणाले, "साहेबांसमोर वहिनी चालवणार."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, न वाजवून सांगतो कोणाला? पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. परत येताना मी वरळीच्या मित्राला म्हटलं, "बाई आहे म्हणून तिला घेतली. साहेबांना बरं दिसेल म्हणून."

तो म्हणाला, "घड्याळाला काय माहीत बाई की बुवा?"

हा माझा मित्र! शाळेपासूनचा!

मग घरात माझं जे काही सुरू झालं ते विचारू नका. बोलायला काही जागा नव्हती, म्हणून मी आमटीत मीठ कमी काढलं, पंख्याचा आवाज काढला, टॉवेल कोणी ओला ठेवला ते काढलं. ती कोणाकडून तरी मागून आणलेला चामड्याचा रेसिंग सूट गॅलरीत माझ्या शर्टांशेजारी लटकवायची, तेही मला खुपायचं. संध्याकाळी ती सोफ्याच्या हातावर घोड्यावर बसल्यासारखी बसायची, डोळे मिटायची आणि उजवीकडे कलायची. वळणाचा सराव. मी समोर पेपर धरून बसायचो आणि पेपराच्या कडेने बघायचो. ती गुडघा बाहेर कसा काढते, खांदा कुठे नेते. आयला, हे मी शिकवलेलं नव्हतं! हे हिला आलं कुठून?

एकदा न राहवून म्हणालो, "तिथे ब्रेक लाव बरं का. शहाणपणा नको."

"बघू," म्हणाली. डोळेसुद्धा उघडले नाहीत.

माझी आई हे सगळं कोपऱ्यात भाजी निवडत बघत होती. आमची चाळ जाऊन टॉवर झाला, आई एकदम बाविसाव्या मजल्यावर आली, पण तिची मालवणी अजून तळमजल्यावरच आहे. बायको ड्युटीला गेल्यावर मला म्हणाली, "रे, बायलेवर जळतंस?"

"काहीतरीच काय!"

"जळतंस. तोंड बघ आरशात, करपलेल्या भाकरीसारखां झालां हा."

मी चप्पल घालून खाली निघून गेलो. बाविसावा मजला, लिफ्ट बंद, जिना उतरता उतरता प्रत्येक मजल्यावर मला आणखी राग येत गेला.

साहेब यायच्या आदल्या आठवड्यात काकांनी विचारलं, "पूजेचं काय? जागा नवीन आहे, नारळ नको का?" वरळीचा मित्र म्हणाला, "मी बौद्ध माणूस, तुमच्या नारळात मला घेऊ नका. तुम्हाला फोडायचा तर फोडा, पण ट्रॅकच्या बाहेर. काँक्रीट घासून गुळगुळीत झालंय, वर वखारीचा भुसा उडून बसतो. पाणी पडलं तर चिखल नाही, साबण होईल साबण." बाहेर फोडायचं ठरलं. मग प्रश्न आला, गाऱ्हाणं कोण घालणार?

आमच्या कोकणात नुसता नारळ फोडत नाहीत. जागेचा राखणदार असतो, त्याला आधी मोठ्याने सगळं सांगायचं, आम्ही कोण, कशाला आलो, आमचं काय मागणं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमच्या चाळीत हे माझे वडील करायचे. गिरणीतून आलेला माणूस, पण गाऱ्हाण्याला उभा राहिला की पुढारी झक मारेल. ते गेल्यापासून चाळीत हे काम माझ्याकडे आलं होतं.

"गाऱ्हाणं मी घालणार आणि नारळही मीच फोडणार," मी म्हणालो. फेरा गेला तर गेला, हा मान तरी कोणी हिसकावू शकत नव्हतं.

त्या रविवारी सकाळी सगळं रे रोडला जमलं. ग्रुपचे नवे टी-शर्ट सगळ्यांच्या अंगात. आई पण आली, हट्टाने. नेमकं त्याच वळणाच्या आतल्या बाजूला, पडक्या भिंतीतून एक उंबर उगवला होता. आईने बघितल्या बघितल्या सांगितलं, राखणदार हयच. मग उंबराखाली दगड मांडला, हळदकुंकू वाहिलं, काकांनी झेंडूची माळ घातली. दगड ट्रॅकच्या बाहेर होता, पण कडेपासून जेमतेम हातभर लांब.

साहेब आले. दोघे होते, दोघांना घाई होती. तिकडे सुरुवातीच्या रेघेवर बायको सूट घालून, हेल्मेट काखेत धरून उभी. मी नारळ दोन्ही हातांत धरला आणि वडिलांचा आवाज काढला.

"हे ह्या जाग्याच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां तुज्या जाग्यात खेळाचो रस्तो बांधूक इली हत, तेंका यश दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या रस्त्यापायी आमचां कोण पुलार मरूक नये म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काकांचा आवाज फाटला. साहेबांनी घड्याळ बघायचं सोडलं. माझा आवाज लागला होता, मला स्वतःलाच बरं वाटत होतं. आता चालवणारीसाठी मागायचं होतं. माज्या बायलेक यश दी, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघेना.

"आणि आज जी कोण गाडी चलयतली..."

"जी कोण?" मागून आईचा आवाज आला. "जी कोण नाय रे मेल्या, बायल तुजी ती! बायल म्हण!"

सगळे फिस्सकन हसले. साहेब हसले, मित्र हसला, तिकडे रेघेवर बायको हसली. माझ्या कानशिलांत जाळ झाला. गाऱ्हाणं तिथेच सोडलं आणि मी नारळ डोक्यावर उचलून असा काही आपटला की विचारू नका. देवाला फोडतात तसा नाही, वैऱ्याच्या टाळक्यात घालावा तसा.

नारळ दगडाच्या कडेला लागला, उसळला आणि ट्रॅकवर जाऊन फुटला. अगदी मधोमध, बायकोची गाडी जिथून जायची तिथेच. पाणी पसरलं. करवंटीचे तुकडे लांबपर्यंत गेले. झेंडूची माळ तुटून पाकळ्या त्या पाण्यात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

मित्राने बुटाचा तळ त्या पाण्यावरून फिरवला, पाय सर्रकन सरकला. त्याने माझ्याकडे बघितलं फक्त. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक साहेब म्हणाले, "आम्हाला अजून एके ठिकाणी जायचंय. नाहीतर पुन्हा कधीतरी बघू."

पुन्हा कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे ऑफिसात नोकरी केलेल्या माणसाला कळतं. आणि तसंच चालवू दिलं तर ती पडणार, तीही साहेबांसमोर, माझ्या नारळावर. मी टी-शर्ट काढला. नवा कोरा, छातीवर ग्रुपचं नाव. गुडघ्यांवर बसलो आणि पुसायला लागलो.

पुसता पुसताही मी जळतच होतो, खोटं कशाला सांगू? ट्रॅक मी शोधला, गाऱ्हाणं मी घातलं, आणि आता उघड्या अंगाने बायकोच्या वाटेवरची फरशी मीच पुसतोय. तिचा फेरा, तिच्या टाळ्या, आणि मला काय, बोळा! करवंट्या वेचल्या, पाकळ्या नखांनी खरवडल्या, शेवटी तळहात फिरवून बघितला. कोरडं होतं. परत फिरवला. मग उभा राहून हात वर केला.

काका रेघेवरून तिला ओरडून सांगत होते, "वहिनी, तिथे हळू! ब्रेक लावून घ्या!" तिने मान हलवली की नाही ते हेल्मेटमुळे कळलं नाही.

मी उंबराखाली, आईच्या शेजारी उभा राहिलो, ओला टी-शर्ट मुठीत. गाडीचा आवाज समोरून गेला, लांब गेला, मागे वळला आणि आमच्या दिशेने आला. आवाज कमी होईना. मी मनात ओरडत होतो, ब्रेक लाव, ब्रेक! ती आली, आडवी झाली, गुडघा जवळजवळ मी पुसलेल्या जागेला टेकला, आणि गेली. ब्रेक नाही. दोन बोटंही नाहीत. माझ्या उघड्या अंगावर नुसता वारा आला.

इतकं देखणं वळण मी कधी मारलं नाही आणि मारणारही नाही. मी तिथेच खाली बसलो. आईला वाटलं चक्कर आली.

साहेबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं नाही, साहेब कधी म्हणत नाहीत. पण घाईत असलेले दोघे चहाला थांबले, रविवार किती वाजता सुरू करणार ते विचारलं, आणि रुग्णवाहिका ठेवावी लागेल म्हणाले. काकांनी डोळे पुसले.

बायको हेल्मेट काढून घाम टिपत होती. काकांनी विचारलं, "वहिनी, एवढं ओरडून सांगितलं, तुम्ही ब्रेक लावला नाही. घसरली असती म्हणजे?"

"त्याने पुसलं होतं ना," ती म्हणाली.

"अहो, पण त्यानेच तर..."

"माहितीये. महिनाभर घरात जळतोय माझ्यावर, मला काय कळत नाही? पण मला पडू नाही द्यायचा तो. त्याने हात वर केला म्हणजे कोरडं होतं."

सगळ्यांसमोर म्हणाली. मी तिथेच, बनियनही नाही अंगात.

मग तिने गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "जा ना, मार एक फेरा. साहेब चहा पितायत तोवर."

तिचं हेल्मेट आतून अजून गरम होतं. कोणाचं तरी जॅकेट घातलं आणि निघालो. सरळ पट्ट्यावर मस्त गेलो. मग ते वळण आलं, उंबर दिसला, आई दिसली. तिथली इंच न् इंच जागा मी स्वतः पुसली होती, स्वतःच्या तळहाताने दोनदा तपासली होती.

मी ब्रेक लावला.