शांती पुरली नाही

ऑक्टोबर हा आमच्यात रोझरीचा महिना. मरियामातेची मूर्ती रोज संध्याकाळी एकेका कॅथलिक घरी जाते, तिथं सगळे मिळून जपमाळ म्हणतात, आणि चर्चमधल्या बायकांना एकमेकींचे पडदे जवळून बघता येतात. कोल्हापुरात आम्ही मूठभर, त्यामुळे कुणाचंच घर सुटत नाही.

या सगळ्याची सूत्रं माझ्या आत्याकडं. वडिलांची थोरली बहीण, बिनलग्नाची, आमच्याच घरात राहणारी. स्वर्गात आपला पाट मांडून ठेवलाय, याबद्दल तिला तरी शंका नव्हती. जपमाळ अशा वेगानं म्हणायची, की आमचं एक 'नमो मरिया' संपायच्या आत तिचं पुढचं सुरू. देवाला कळत असावं. त्याला सवय असते.

त्या वर्षी मूर्ती आमच्याकडं आली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. माहेर मुरगूडचं. ताटात नारळ, खण, हिरव्या बांगड्या. मूर्तीच्या कडेवरच्या बाळ येशूकडं बघत त्या आईला म्हणाल्या, "लेकरू कडंवर घिऊन आलीया बाई. वटी भरल्याबिगर कसं पाठवायचं?"

आत्यानं जपमाळ थांबवली. हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आमच्यात असलं चालत न्हाय, असं तिनं बजावलं. आईनं ताट घेतलं आणि मूर्तीच्या पायाशी ठेवलं. काकू नमस्कार करून गेल्या. बाकीच्या बायकांना अचानक फरशीत फार रस वाटू लागला.

तेव्हापासून आत्या आईशी बोलेनाशी झाली. जेवायची मात्र तिच्याच हातचं. रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या, म्हणजे आजूबाजूला वळून नमस्कार करा. आत्यानं पुढच्या बाकाला दिली, मागच्या बाकाला दिली, दारातल्या अनोळखी पावण्यालाही दिली. शेजारी आई होती, तिथवर काही शांती पुरली नाही. मग हात जोडून ती ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं.

नाताळच्या आधी ती बाथरूममध्ये घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिचं सगळं आईच करायची. बोलणं माझ्यामार्फत चालायचं. आईला सांग, उशी सरकव. उशी सरकवून आई मला सांगायची, सरकवली म्हणून सांग. दुपारी काकू सोबतीला यायच्या. जपमाळेला उत्तर द्यायला कुणीतरी हवंच होतं, तेव्हा आत्यानं त्यांनाच 'नमो मरिया' शिकवलं. अडचण आली की आमच्यात बरंच काही चालतं.

एका सकाळी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी आले. आई मेणबत्ती लावत होती. फादरनी आत्याला विचारलं, "बाई, सगळ्यांशी समेट आहे ना?"

आत्या छताकडं बघत राहिली. फादर थांबले. त्यांना काही घाई दिसेना.

"अगं," शेवटी आत्या आईला म्हणाली, "कालची पेज बरी झालती."

"मीठ कमी होतं," आई म्हणाली.

"व्हय, कमीच होतं."

फादरनी तेवढा समेट गोड मानून घेतला आणि डबी उघडली.

ख्रिस्तप्रसाद घेऊन आत्या बराच वेळ डोळे मिटून पडली. डोळ्यातलं पाणी कानाकडं ओघळलं. आईनं ते पदरानं टिपलं. डोळे न उघडताच आत्यानं सांगितलं, पदराला कांद्याचा वास येतोय.