भिंत किंचाळली

आमच्या वसईच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी ऐकलं, की सिव्हिलच्या रेवा मॅडम पोरांनी काढलेली घरं पायाखाली तुडवतात. साफ खोटं! त्या भुईगावच्या, वाडीत वाढलेल्या. केळीचा कोंब दिसला तरी वळसा घालतील. घरात त्या फक्त फिरून बघतात. कागदावरचं घर खऱ्या मापात चुन्याच्या फक्कीने मैदानावर आखायचं आणि भिंती म्हणून वर्गातली पोरं उभी करायची. "हिशेब येतात रे तुम्हाला, राहायचं कसं ते शिका," असं त्या नाकातून म्हणतात. मी त्यांची नक्कल हुबेहूब करतो, म्हणून तर कॅन्टीनमध्ये मला भाव आहे.

माझं घर बागायतदाराचं होतं. मागच्या दारातून केळी पिकवायच्या खोलीकडे वळणारा बोळ मी तीन फुटांचा ठेवला होता.

मॅडम म्हणाल्या, "खांद्यावर केळ्यांचा लोंगर घेऊन इथे वळता येणार नाही."

"येणार! हरलो तर दिवाळीपर्यंत तुमची नक्कल बंद."

"म्हणजे करतोस तर!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडीतून केळीचा अख्खा लोंगर आणला आणि वर्गातल्या हितेशच्या खांद्यावर दिला. हितेश ऐटीत दारातून शिरला, वळला, आणि लोंगराचं टोक भिंत झालेल्या रीमाच्या नाकावर आपटलं.

"आई गं! मेल्या, दिसत नाय का?" भिंत किंचाळली.

मॅडमनी शांतपणे फक्कीची नवी रेघ मारली. "चार फूट."

पैज हरलो. आता दिवाळीपर्यंत मी मॅडमची नक्कल करत नाही, फक्त अशी लिहून दाखवतो.